मत पेपरात, वही कपाटात

पेडणे तालुक्यातल्या एका फुटबॉल क्लबच्या कार्यकारिणीवरील सदस्याने विचारलं आहे: "आमच्या संघाला आठ वर्षं शिकवणारे सर गेल्या मोसमानंतर गेले. त्यांच्या जागी बाहेरून एक तरुण कोच आणला. पाच सामन्यांत एक विजय, दोन बरोबरी. गोलकीपर खांद्याच्या दुखण्याने बसून आहे. आता जुन्या सरांनी एका स्थानिक वृत्तपत्राला मुलाखत देऊन नव्या कोचच्या कामाच्या पद्धतीवर सडकून टीका केली. तो पोरांशी बोलत नाही, नुसते व्हिडिओ दाखवतो. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात उशिरा आलेल्यांना दंड केला. घडी बसलेली चार बचावपटूंची रचना मोडून तीन आणले. जुन्या खेळाडूंना बाकावर बसवलं. समितीत दोन तट पडलेत. कोणाचं खरं मानायचं?"

आधी सरळ उत्तर देतो. जुन्या सरांच्या बोलण्यात जे मुलांबद्दल आहे ते एकूणएक लिहून घ्या, आणि जे नव्या कोचबद्दल आहे ते निदान या मोसमापुरतं बाजूला ठेवा. आठ वर्षं ज्याने पोरांना पावसात आणि उन्हात पाहिलं, त्याला त्यांच्याबद्दल जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कोणाला ठाऊक असणं शक्य नाही. पण तो आता सरावाला नसतो. ड्रेसिंग रूममध्ये काय बोललं जातं, हे त्याला एखाद्या नाराज पोराकडूनच कळतं, आणि नाराज पोरगा अर्धंच सांगतो. म्हणजे एकाच मुलाखतीत पक्की माहिती आणि ऐकीव माहिती शेजारी शेजारी छापून येते, आणि वाचणाऱ्याला दोन्ही सारख्याच वजनाच्या वाटतात. तुमच्या समितीत तट पडले ते यामुळेच.

मी गोव्यात 27 वर्षं शिकवलं. भात कापून झाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतातल्या मैदानापासून लीगच्या संघापर्यंत. मी कोणाच्या तरी जागी गेलो आहे आणि माझ्या जागीही कोणीतरी आलेलं आहे. त्यातला दुसरा अनुभव मी सहसा सांगत नाही, पण तुमचा प्रश्न वाचल्यावर तो सांगायलाच हवा असं वाटलं.

फोंडा तालुक्यातल्या एका क्लबमध्ये मी 9 मोसम होतो. दहाव्या मोसमाआधी मला फोनवर कळवण्यात आलं की समितीने नवा माणूस ठरवला आहे. बैठक नाही, हिशेब नाही, "सर, एकदा येऊन जा" असंही कोणी म्हणालं नाही. माझ्याकडे मैदानावरच्या खोलीची चावी होती, ती मी एका मुलाबरोबर पाठवून दिली. नवा कोच माझ्याहून बराच तरुण, शिकलेला, मेहनती. त्याच्या तिसऱ्या सामन्यानंतर ओळखीच्या एका वार्ताहराने विचारलं, "सर, कसं वाटतं?" आणि मी म्हणालो, "हा पोरांना बैलांसारखा राबवतोय. असं फुटबॉल शिकवत नाहीत." दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. सकाळी चहाच्या दुकानात दोघातिघांनी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

त्या संघात एक राइट-बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, होता. पंधराव्या वर्षापासून माझ्या हाताखाली वाढलेला. सोळाव्या वर्षी त्याच्या डाव्या गुडघ्यातल्या कुर्चेवर शस्त्रक्रिया झाली होती. त्याला कडक मैदानावर सलग दोन दिवस पळवायचं नाही, हे मी पाळत आलो होतो. मंगळवारी तो संघाबरोबर पळायचा, बुधवारी चेंडूवर काम करायचा किंवा सायकल चालवायचा. हे माझ्या वहीत होतं. वही माझ्या घरी, कपाटात. नव्या कोचला पोरगा तगडा दिसला, वेगवान दिसला, त्याने त्याला सगळ्यांबरोबर रोज पळवलं. पोरानेही सांगितलं नाही. नव्या सरांसमोर पहिल्याच महिन्यात आपलं दुखणं कोण सांगतो? सहाव्या आठवड्यात गुडघा सुजला.

त्यात माझी मुलाखत. पोरगा गुडघा दाखवायला माझ्या घरी आला, ते कोणीतरी पाहिलं. त्याआधी पेपरात आलेलं होतंच. नव्या कोचला वाटलं, आतल्या बातम्या बाहेर नेणारा हाच. गुडघ्याची सूज उतरल्यावरही त्याला 5 सामने बाहेर ठेवण्यात आलं. पुढच्या मोसमात त्याने क्लब सोडला आणि गावागावांच्या स्पर्धांमध्ये खेळू लागला. त्याचं वय तेव्हा 22 होतं. लीगमध्ये तो परत आला नाही.

मला नव्या कोचच्या पद्धतीबद्दल जे वाटत होतं ते मी साऱ्या तालुक्याला सांगितलं. त्या एका गुडघ्याबद्दल जे ठाऊक होतं ते कोणालाच सांगितलं नाही. मत पेपरात गेलं आणि वही कपाटात राहिली. कोणी मागितली नाही हे खरं, पण मीही नेऊन दिली नाही. पुढे दोन वर्षांनी मी ती वही घेऊन त्या कोचकडे गेलो. आम्ही त्याच्या घराच्या सोप्यावर अडीच तास बसलो. त्याने पान पान वाचलं, प्रश्न विचारले, स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. राइट-बॅकच्या पानावर तो बराच वेळ थांबला. काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

म्हणून तुमच्या जुन्या सरांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांना जे सांगायचं होतं ते सांगायची जागा तुम्ही ठेवली होती का, एवढंच विचारतो. ते गेले त्या दिवशी समितीतलं कोण त्यांच्यासमोर वही-पेन घेऊन बसलं होतं? कोणीच नसेल, तर आठ वर्षांचं साचलेलं बोलणं कुठून तरी बाहेर पडणारच.

फुटबॉलमध्ये हे जगभर होत आलेलं आहे. इंग्लंडमधला 1974 चा उन्हाळा तर यासाठीच लक्षात ठेवावा असा. लीड्स युनायटेडला अजिंक्यपद मिळवून देऊन डॉन रेव्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडे गेले आणि त्यांच्या जागी ब्रायन क्लफ आले. याच क्लफनी आधी कित्येक वर्षं लीड्सच्या खेळावर जाहीर टीका केली होती. त्याच सुमारास लिव्हरपूलचे बिल शँक्ली निवृत्त झाले आणि त्यांचे सहायक बॉब पेस्ली यांच्याकडे संघ आला. ऑगस्टमध्ये वेम्बलीवर हेच दोन संघ चॅरिटी शील्डसाठी, म्हणजे मोसमाच्या तोंडावरच्या मानाच्या सामन्यात, समोरासमोर आले, तेव्हा लीड्सच्या पुढे नवे क्लफ चालत होते आणि लिव्हरपूलच्या पुढे निवृत्त झालेले शँक्ली. पेस्ली मागे. त्या एका दृश्यात दोन्ही क्लबांची पुढची गोष्ट दिसते.

क्लफ लीड्समध्ये 44 दिवस टिकले. लीगमधले सहा सामने, त्यात एक विजय. आल्या आल्या त्यांनी खेळाडूंना आपली पदकं कचऱ्यात टाका असं सुनावलं होतं, कारण ती तुम्ही सरळ मार्गाने मिळवली नाहीत. ज्या दिवशी त्यांना काढलं त्याच संध्याकाळी यॉर्कशायरच्या दूरचित्रवाणीवर क्लफ आणि रेव्ही शेजारी बसून वाद घालत होते. रेव्हींचा रोख डावपेचांवर कमी आणि खेळाडूंना जवळ न घेण्यावर जास्त होता. मला त्या वादात रेव्ही बरोबर वाटतात. पण पुढचंही पाहायला हवं. हेच क्लफ नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेले आणि 1979 व 1980 असे लागोपाठ दोन युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च अजिंक्यपदं, जिंकले. स्वभाव तोच, बोलणंही तसंच रोखठोक. लीड्सच्या खेळाडूंबद्दल रेव्हींनी जे सांगितलं ते खरं ठरलं. त्यावरून क्लफ हा वाईट प्रशिक्षक असं जर कोणी ठरवलं असेल, तर ते साफ चुकलं.

शँक्लींनी पेस्लींवर टीका केली नाही. ते फक्त सरावाला येत राहिले. खेळाडू सवयीने त्यांनाच 'बॉस' म्हणत. पेस्लींची पंचाईत झाली, कारण एका मैदानावर दोन बॉस कसे चालतील? शेवटी शँक्लींना येऊ नका असं सुचवावं लागलं, आणि त्याचं त्यांना फार दुःख झालं. पेस्लींनी पुढे 3 युरोपियन कप आणि लीगची 6 अजिंक्यपदं मिळवली. तुमचे जुने सर मैदानाच्या कुंपणापाशी येऊन उभे राहत असतील तर त्यांना कोणाकरवी निरोप धाडू नका. एखाद्या ज्येष्ठाने घरी जाऊन बोलावं. त्या माणसाचं आयुष्य त्या मैदानात गेलेलं असतं.

आता पद्धतीवरच्या टीकेकडे येतो, कारण तिथे आकडे तपासता येतात. लुई व्हान गाल यांना मँचेस्टर युनायटेडने मे 2016 मध्ये काढलं, एफए कप जिंकल्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी. जखम मोठी होती. 2019 मध्ये त्यांनी आपल्या जागी आलेल्या जोसे मोरिन्यो यांच्यावर टीका केली. सगळा संघ गोलसमोर उभा करायचा आणि प्रतिहल्ल्याची वाट पाहायची, असा तो खेळ होता, आपला खेळ हल्ल्याचा होता, असं त्यांचं म्हणणं. मोजून पाहा. व्हान गाल यांच्या शेवटच्या मोसमात, 2015-16 मध्ये, युनायटेडने लीगच्या 38 सामन्यांत 49 गोल केले आणि संघ पाचवा आला. मोरिन्यो यांच्या 2017-18 च्या मोसमात 68 गोल, 81 गुण, दुसरा क्रमांक. गोल वाढले आणि खाल्लेलेही 35 वरून 28 वर आले. म्हणजे टीका खोटी होती का? व्हान गाल यांना चेंडू आपल्या पायात असणं म्हणजे हल्ला वाटत होता, आणि त्या अर्थाने ते मनापासून बोलत होते. पण बाहेरच्याने ती टीका 'मोरिन्यो गोल करू देत नव्हता' अशी वाचली तर ती चुकीची. जुन्या प्रशिक्षकाची पद्धतीवरची टीका बहुतेक वेळा अशीच असते. तो स्वतःच्या फूटपट्टीने दुसऱ्याचं मैदान मोजत असतो. त्याच व्हान गालनी फेब्रुवारी 2016 मध्ये मार्कस रॅशफर्डला पहिल्यांदा उतरवलं होतं. रॅशफर्डला कुठे, कधी, किती खेळवावं हे त्यांना विचारलं असतं तर ते ऐकण्यासारखं ठरलं असतं.

तुमच्या सरांचे चार आक्षेप एकेक करून घेतो. चारही सारखे नाहीत.

तीन बचावपटूंच्या रचनेचा आक्षेप मैदानावर तपासता येतो, त्याला समितीत वाद घालायची गरज नाही. मागे तीन ठेवले की दोन्ही कडांचे विंगबॅक वर-खाली सगळ्यात जास्त पळतात. वरच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये मधल्या फळीचा खेळाडू एका सामन्यात 10 ते 12 किलोमीटर पळतो. विंगबॅकला तेवढंच, पण त्यात दौडी जास्त. आपल्याकडे पावसाळा ओसरताना दुपारी चारच्या सामन्यात दमटपणा इतका असतो की पोराच्या जर्सीतून पाणी पिळून काढावं. पुढच्या सामन्यात समितीतल्या एकाने फक्त विंगबॅककडे बघावं. पासष्टाव्या मिनिटानंतर चेंडू आपल्याकडे असताना ते मधल्या रेषेच्या पुढे आहेत की स्वतःच्या बॉक्सपाशी? पुढे असतील तर रचना बसते आहे, वेळ द्या. मागे असतील तर तिनाचे पाच झालेत आणि जुने सर बरोबर बोलताहेत. तीन सामने असं बघा आणि जे दिसलं ते नव्या कोचला सांगा. तो शिकलेला असेल तर त्याच्याकडे याचं उत्तर तयार असेल.

जुन्या खेळाडूंना बाकावर बसवण्याबद्दल मी नव्या कोचच्या बाजूने आहे, निदान अर्धा. तुमच्या जुन्या सरांचं गणित तीन बदली खेळाडूंच्या काळात पक्कं झालेलं असणार. आता नियमाने पाच बदल करू देता येतात. त्यामुळे सुरुवातीच्या अकरात नसणं म्हणजे संघात नसणं, असं राहिलेलं नाही. तेहतिशीतला मिडफिल्डर शेवटची तीस मिनिटं खेळला तर त्याचा अनुभव सामना मोकळा होतो तेव्हाच कामी येतो. मात्र हे त्या खेळाडूला तोंडावर, एकट्याला बसवून, सामन्याच्या आदल्या दिवशी सांगायला हवं. भिंतीवर लावलेल्या यादीतून त्याला कळलं असेल, तर जुन्या सरांचा राग योग्य आहे. कोणत्याही एका खेळाडूला विचारा, खरं कळेल.

व्हिडिओचा आक्षेप मला तितकासा पटत नाही. आजची पोरं मोबाइलवर सामने बघत वाढलीत. आपली चूक पडद्यावर बघितली की त्यांना चटकन कळते. फक्त चूक एकट्याला दाखवावी आणि चांगलं सगळ्यांसमोर. उलट केलं तर पोरगा दहा दिवस मान वर करत नाही.

चवथीचा आक्षेप मात्र सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यात जुने सर शंभर टक्के बरोबर आहेत. कुठल्याही लायसन्सच्या कोर्समध्ये हे शिकवत नाहीत. आपला मोसम आणि चवथ बहुतेकदा एकमेकांत अडकलेली असतात. आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं, सामान आणायला घरचा धडधाकट पोरगाच लागतो. रानातून, बाजारातून, डोक्यावरून. मग दीड दिवस, पाच, सात, नऊ, जसा ज्याचा गणपती. रात्री वाड्यावरच्या घराघरांत आरत्या आणि भजन; शेवटच्या घरी पोचेपर्यंत दोन वाजतात, आणि टाळ वाजवायला, घुमट हे मातीचं वाद्य वाजवायला हीच पोरं असतात. त्यांना सकाळी साडेसहाला सरावाला बोलावून पाच मिनिटं उशीर झाला म्हणून दंड लावणं हा शिस्तीचा भाग झाला नाही. ते पोर कुठल्या घरातून आलंय हे न पाहणं झालं.

मी काय करायचो ते सांगतो, कदाचित तुमचे सरही तसंच करत असतील. त्या आठवड्यात सराव संध्याकाळी साडेचारला. ज्यांच्या घरी गणपती त्यांना पहिले दोन दिवस मोकळीक. ख्रिस्ती पोरं तेवढ्या दिवसांत पूर्ण सराव करायची, जास्तीची कामं अंगावर घ्यायची, आणि नाताळात ही पोरं त्याची परतफेड करायची. कोणी लिहून दिलेलं नव्हतं. मोसमाच्या पहिल्याच दिवशी दोन्हीकडच्या मोठ्या पोरांना समोरासमोर बसवून ठरवलं की नऊ मोसम त्यावर एक तक्रार आली नाही. बाहेरून आलेल्या कोचला हे कुठून कळणार? समितीत बसलेले तुम्ही सगळे पेडण्याचेच. तुमच्यापैकी एकाने मोसमाच्या सुरुवातीला पाच मिनिटं काढून त्याला सांगितलं असतं, तर मुलाखतीतला हा मुद्दाच उरला नसता.

आणखी एक तसलीच गोष्ट, जी मुलाखतीत आली नाही पण तुमच्या संघात नक्की असणार. आपल्या क्लबांतली बरीच पोरं नोकरी करून खेळतात. वेर्णा, कुंडई, तुये अशा औद्योगिक वसाहतींत पाळीने. रात्रपाळी करून आलेला पोरगा गुरुवारी सकाळी दौडीत मागे पडला तर नवा कोच वहीत 'आळशी' असं लिहितो. जुन्याला माहीत असतं की त्याची पाळी कोणत्या आठवड्यात बदलते. मी पाळ्यांचं वेळापत्रक खोलीच्या दारामागे चिकटवून ठेवायचो. नवा आल्यावर खोली रंगवली आणि तो कागद गेला.

घर ओळखणारा माणूस जागी आला की काय होतं, ते आपल्याच गोव्यात 2020 मध्ये दिसलं. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाने आपले प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना साखळीचे तीन सामने उरलेले असताना दूर केलं. लोबेरा अडीच मोसम होते, संघ गोल करत होता, 2019 चा सुपर कप त्यांच्याच काळात आला होता. अशा वेळी संघ विस्कटणं साहजिक होतं. हंगामी जबाबदारी क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली. गोव्याचे, धेंपो क्लबकडून वर्षानुवर्षं खेळलेले, लोबेरांच्या हाताखालीही काम केलेले. त्यांनी खेळाची घडी बदलली नाही. उरलेले तिन्ही सामने जिंकले, शेवटचा जमशेदपूरविरुद्ध 5-0, आणि साखळीत पहिला येऊन लीग विनर्स शील्ड घेतली. त्यामुळेच 2021 मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. मिरांडांना पोरांची ओळख करून घ्यायला एक दिवसही लागला नाही. प्रत्येक क्लबला असा माणूस मिळत नाही, तुम्हालाही मिळालेला नाही. मग ती ओळख हातात तरी द्यायला हवी.

धेंपोचं उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवा. आर्मांदो कुलासो यांनी 2004-05 पासून 2011-12 पर्यंत त्या क्लबला 5 राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली. 2015 मध्ये तोच क्लब आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून, खाली घसरला. त्याला कारणं पुष्कळ होती. पण एवढ्या मोठ्या सावलीत ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांना पहिल्या दिवसापासून पाच अजिंक्यपदांशी मोजलं गेलं. तुमचा नवा कोच पाच सामने झालेत आणि आठ वर्षांशी मोजला जातोय. त्याला निदान दहा सामने द्या.

आता करायचं काय. मुलाखतीचा विषय समितीत बंद करा. त्यावर खुलासा काढू नका, नव्या कोचलाही उत्तर द्यायला लावू नका. त्याला एवढंच बजावा की जुन्या सरांशी बोलणाऱ्या पोरावर त्याचा राग निघता कामा नये. ही गोष्ट मी हात जोडून सांगतो, कारण तिची किंमत मी पाहिली आहे. आठ वर्षं ज्याला सर म्हटलं त्याच्या घरी पोरगा जाणारच. चवथीला तर पाया पडायला जाईल. त्याला हेर समजू नये.

मग तुमच्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने जुन्या सरांच्या घरी जावं. पाच जणांचं शिष्टमंडळ नको. वही घेऊन जावं आणि एकेका पोराबद्दल विचारावं. कोणाला कुठे दुखापत झाली होती, कोणत्या वर्षी, कोणत्या डॉक्टरने काय सांगितलं होतं. कोणाची पाळी कशी. कोणाच्या घरी किती दिवसांचा गणपती, कोणाच्या गावचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, कधी. कोणावर ओरडलं की तो चांगला खेळतो आणि कोणावर ओरडलं की गप्प होतो. घर कोणाच्या पगारावर चालतं. कोण पेनल्टीला पुढे येतो पण मारू नये. कोणतं मैदान पावसानंतर किती दिवस सुकत नाही. रचनेबद्दल, डावपेचांबद्दल प्रश्न विचारू नका. ते बोलू लागले तर ऐकून घ्या, पण वहीत लिहू नका. दोन बैठका लागतील. त्या दोन दिवसांचं मानधन त्यांना द्या, आणि ते आग्रहाने द्या. फुकट मागितलेल्या गोष्टीला क्लब किंमत देत नाही, हे त्यांनी एकदा पाहिलंय.

वही तयार झाली की दोघांना एकत्र बसवा. समितीतलं कोणीही खोलीत नको. तुम्ही बसलात की दोघेही तुमच्यासाठी बोलतील. नव्या कोचला आधीच सांगा की प्रश्न त्याने विचारायचे आहेत. माझ्या अनुभवात जुना प्रशिक्षक विचारल्यावर भरभरून देतो. सल्ला द्यायला बसवला की मात्र त्याचं भाषण होतं.

आणि पुढच्या वेळेसाठी, कारण हा कोचही कधीतरी जाणारच आहे, करारातच लिहा की मोसम संपल्यावर दोन आठवडे हस्तांतरणाचे, पूर्ण मानधनासह. वही क्लबची, कोचची नव्हे. दर मोसमाच्या शेवटी तिची एक प्रत खोलीच्या कपाटात. पोरांच्या दुखण्यांची पानं फक्त कोच आणि फिजिओ बघतील, समिती नाही.

जुन्या सरांकडे जाल तेव्हा त्यांनी मुलाखत का दिली, हे पहिल्या दिवशी विचारू नका. गोलकीपरच्या खांद्यापासून सुरुवात करा. तो खांदा पहिल्यांदा कधी निखळला, कोणत्या बाजूला झेप घेताना, त्यानंतर किती आठवडे त्याला हात वर करू दिला नव्हता, हे त्यांना ठाऊक असण्याची शक्यता दाट आहे. ते सांगतील तसं उतरवून घ्या, आणि घरी जाण्याआधी नव्या कोचला फोन करा.